कळावे, लोभ असावा

"या नावाच्या व्यक्तीबद्दल आमच्याकडे सांगण्यासारखी काहीही माहिती नाही," असं मुलीच्या कॉलेजातल्या बाई मला फोनवर म्हणाल्या, तेव्हा समोर लॅपटॉपवर तिच्या फीची पावती उघडी होती. आठ मिनिटांपूर्वी भरलेला हप्ता. पावतीवर तिचं नाव, कॉलेजचं बोधचिन्ह आणि पैसे भरणारा म्हणून माझं नाव, सगळं ठळक. मी म्हटलं, "अहो, मी वडील आहे तिचा." त्या म्हणाल्या, "हाऊ वंडरफुल!" आणि तेच वाक्य पुन्हा म्हणाल्या. आवाज इतका गोड की भांडण उकरून काढायलाही जागा मिळेना. आपल्याकडच्या कचेरीत "नाही म्हणजे नाही, उद्या या" असं कुणी वसकन अंगावर आलं असतं, तर निदान पुढं काय बोलायचं ते मला सुचलं असतं.

ज्या व्यक्तीबद्दल कॉलेजकडे माहिती नव्हती, ती व्यक्ती त्या वेळी वरच्या मजल्यावर पांघरुणात गुरफटून झोपली होती. दुपारचे पावणेबारा वाजले होते. जानेवारीची सुट्टी, बाहेर न्यू जर्सीचा बर्फ, आणि सांगलीहून रोज आईचा फोन. "पोरीचा निकाल लागला का रे? किती पडले?" लेकीला विचारलं की ती म्हणे, "ठीक आहे, बाबा." आता "ठीक आहे" हे काही मार्क नव्हेत. आईच्या कोष्टकात तर "ठीक आहे" म्हणजे एका विषयात गेली. म्हणून मी लेकीला न सांगता परस्पर कॉलेजला फोन लावला होता. बापाचं हे वागणं शोभणारं नव्हतं, हे मला मान्य आहे.

पण आमची जडणघडणच अशी. आमच्या लहानपणी निकाल ही खासगी गोष्ट आहे असं कुणी म्हटलं असतं, तर त्याला नापास झालेला समजले असते. कॉलेजात नोटीस बोर्डावर यादी लागायची. काचेच्या पेटीत, टाचण्या मारून, नावासकट. त्या पेटीपुढं ज्या खांद्याखांद्यांवरून माना वर व्हायच्या, त्यांतल्या निम्म्यांचा त्या वर्गाशी काही संबंध नसे. दहावीला गणितात मला त्रेपन्न पडले, हे माझ्याआधी आमच्या दूधवाल्याला कळलं होतं, कारण त्याचा मुलगा माझ्या मागच्या बाकावर होता. संध्याकाळी पेढे घेऊन शेजारी गेलो तर काकूंनी पेढा तोंडात टाकता टाकता विचारलं, "गणितात काय झालं रे?" पेढा खाल्ला म्हणजे चौकशीचा अधिकार मिळतोच.

इथं मात्र या सगळ्याला एक कायदा आडवा येतो. नाव लांबलचक, फॅमिली एज्युकेशनल राइट्स अँड प्रायव्हसी अ‍ॅक्ट. लाडाचं नाव फर्पा. ऐकायला गुजराती फरसाणासारखं वाटतं. २१ ऑगस्ट १९७४ ला अध्यक्ष फोर्ड यांनी त्यावर सही केली. वॉटरगेटपायी निक्सन राजीनामा देऊन गेले, त्याला जेमतेम बारा दिवस झाले होते. कुणी कुणाच्या नकळत काय काय टिपून ठेवलंय, या चिंतेचा तो काळ. न्यू यॉर्कचे सिनेटर जेम्स बकली यांनी हा कायदा मांडला, आणि मांडला तो कशासाठी, तर शाळा मुलांबद्दल फायलींत काय काय लिहून ठेवतात ते पालकांना पाहता यावं म्हणून. हो, पालकांना! मुलगा अठरा वर्षांचा झाला किंवा कॉलेजात गेला, की हे सगळे हक्क उचलून त्याच्या नावावर होतात. सातबारा चढवावा तसे. पालकांसाठी बांधलेल्या घरातून पालकच बाहेर.

अर्थात कायदा माणसांनीच केलेला, तेव्हा त्यात फटी आहेत. मुलगी माझ्या इन्कम टॅक्सच्या कागदावर अवलंबित म्हणून दाखवलेली असेल, तर कॉलेज मला तिची माहिती देऊ शकतं. हे मला समजलं तेव्हा मी नव्या जोमानं दुसऱ्यांदा फोन केला. त्याच बाई. "कायदा आम्हाला परवानगी देतो," त्या म्हणाल्या, "सक्ती करत नाही. आमचं धोरण विद्यार्थ्याची लेखी संमती घेण्याचं आहे." देऊ शकतात आणि द्यावीच लागते यांत जे अंतर आहे, तेवढ्या अंतरावर मी उभा. आणखी एक फट १९९८ साली पाडलेली आहे. विद्यार्थी एकवीस वर्षांखालचा असेल आणि दारूच्या किंवा अमली पदार्थांच्या नियमभंगात सापडला, तर कॉलेज आईबापांना तसं कळवू शकतं. म्हणजे मुलगी दारू प्यायलेली सापडली तर मला कळण्याची सोय आहे; गणितात वर्गात पहिली आली तर नाही.

नाव, पत्ता, फोन, मुख्य विषय, पदवी असल्या जुजबी गोष्टी कॉलेज कुणालाही सांगू शकतं, पण विद्यार्थ्यानं नको म्हटलं तर तेही दार बंद. आमच्या लेकीनं पहिल्याच आठवड्यात नको म्हटलं होतं. "का गं?" मी विचारलं. "क्रेडिट कार्डवाले पिडतात, बाबा." त्या कार्डवाल्यांसाठी काढलेल्या कुंपणात मी अडकलो होतो.

संमतीचा कागद मी तिला त्याच दिवशी पाठवला. एक पान, एक सही. ती म्हणाली, "विचार करते." विचार अजून चालू आहे.

फर्पाची चेष्टा करायला मला आवडतं, पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. ओक्लाहोमातल्या एका आईनं शाळेवर दावा लावला होता. गुरुजी मुलांना एकमेकांचे पेपर तपासायला देतात आणि मार्क मोठ्यानं सांगायला लावतात, यात तिच्या मुलांच्या खासगीपणाचा भंग होतो, असं तिचं म्हणणं. दावा थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये सगळ्या न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की यात फर्पाचा भंग नाही. कायद्यानं ती आई हरली. पण वाचताना मला आमचे गणिताचे सर आठवले. तेही असेच पेपर बदलायला सांगायचे, "शेजाऱ्याचा तपासा" म्हणायचे, आणि "सात" हा आकडा मी पंचवीसपैकी कसा ऐकला होता ते माझं मला ठाऊक. त्या वर्गात कुणाची आई असा दावा लावायला गेली असती, तर मी तिच्या बाजूनं साक्ष दिली असती.

याच कायद्याची दुसरी बाजू मला बऱ्याच उशिरा कळली, आणि कळली तेव्हा जरा बरं वाटलं. विद्यार्थ्यानं मागणी केली की पंचेचाळीस दिवसांच्या आत कॉलेजला त्याची फाईल त्याच्यापुढं ठेवावी लागते. पण त्या फायलीत आईबापांच्या उत्पन्नाचे कागद असतील, तर ते दाखवण्याचं बंधन कॉलेजवर नाही. म्हणजे तिचे मार्क मला दिसत नाहीत आणि माझी मिळकत तिला दिसत नाही. दोघांच्याही झाकल्या मुठी एकाच कपाटात.

ती मिळकत तिथं पोचली कशी, हे एक वेगळंच प्रकरण. सरकारी मदतीसाठी फाफसा नावाचा अर्ज भरावा लागतो. मराठी माणसानं हा शब्द उच्चारला की त्यात "फसा" ऐकू येतं, आणि आम्ही तो ज्या साली भरला ते सालच फसण्याचं होतं. एरवी १ ऑक्टोबरला खुला होणारा अर्ज त्या वर्षी नवा, सुटसुटीत करायला घेतला आणि तो उघडला २०२३ च्या डिसेंबर अखेरीस. प्रश्न शंभरावरून पन्नासाच्या आत आले होते, हे खरं. पण साइट उघडत नव्हती, उघडली तर टिकत नव्हती, आणि भरलेले अर्ज कॉलेजांपर्यंत जायला मार्च उजाडला. आमच्या घरी रात्री अकरा वाजता लेक, बायको आणि मी तिघंही तीन पासवर्ड घेऊन बसायचो. नव्या अर्जात आईबापांना "काँट्रिब्यूटर" म्हणतात. वर्गणीदार! गणेशोत्सवाच्या पावतीपुस्तकाबाहेर मला हा मान पहिल्यांदाच मिळाला.

अर्जाच्या शेवटी एक आकडा येतो. पूर्वी त्याचं नाव "कुटुंबाकडून अपेक्षित वाटा" अशा अर्थाचं होतं. लोक चिडायचे, आता नाव बदलून "स्टुडंट एड इंडेक्स" केलंय. आकडा जितका लहान तितकी मदत जास्त. तो शून्याखालीही जाऊ शकतो, उणे पंधराशेपर्यंत. आमचा आकडा बघून बायको बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आपण एवढे श्रीमंत आहोत हे मला कुणी सांगितलं का नाही?"

मग कॉलेजांची पत्रं येऊ लागली. प्रत्येक पत्राची सुरुवात अभिनंदनानं. आत "तुम्हाला मिळालेली मदत" अशी यादी, आणि यादीत शिष्यवृत्तीच्या खाली, त्याच ठळक अक्षरात, सरकारी कर्ज, पहिल्या वर्षासाठी साडेपाच हजार डॉलर. सांगलीत सोसायटीचं कर्ज मंजूर झालं म्हणून कुणाला हारतुरे घातलेले मी पाहिले नाहीत. सगळं वजा जाता तुमच्या खिशातून नक्की किती जाणार, हा एक आकडा शोधायला मी प्रत्येक पत्र उलटंसुलटं केलं. मला वाटलं, माझंच इंग्रजी कच्चं. नंतर वाचनात आलं की सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयानं २०२२ साली पाहणी केली होती, आणि १०० पैकी ९१ कॉलेजं तो आकडा एक तर देतच नव्हती किंवा कमी करून दाखवत होती. मजा अशी की २०११ च्या ऑक्टोबरअखेरीपासून प्रत्येक कॉलेजला आपल्या साइटवर याच खर्चाचा अंदाज देणारं गणकयंत्र ठेवण्याची सक्ती आहे. गणकयंत्र साइटवर होतंच. कुठल्या पानावर, ते सापडायला मला तीन संध्याकाळी लागल्या.

इतकं असूनही मी कॉलेजला लपवाछपवी करणारं म्हणणार नाही. उलट, माझ्या मुलीविषयी एक अक्षर न बोलणारं कॉलेज स्वतःविषयी इतकं बोलतं की वाचणाऱ्याची दमछाक व्हावी. विद्यार्थी हा ग्राहक आहे, आणि ग्राहकाला माल घेण्याआधी सगळं कळलं पाहिजे, अशी त्यामागची सरकारी समजूत. दारू आणि अमली पदार्थांचं धोरण दर वर्षी कळवायचं. चोरून गाणी-सिनेमे उतरवाल तर काय होईल ते कळवायचं. पुस्तकांची किंमत कळवायची. मतदार नोंदणीचा अर्ज पाठवायचा. १७ सप्टेंबरला राज्यघटनेवर एखादा कार्यक्रम करायचा. आमच्या काळी पत्राच्या शेवटी "कळावे, लोभ असावा ही विनंती" असं असायचं. या ईमेलांत नुसतंच कळावे. पण किती कळावे!

चार वर्षांच्या पदवीचंच घ्या. दाखल झालेल्यांपैकी किती जण पदवी घेऊन बाहेर पडले, हे प्रत्येक कॉलेजला जाहीर करावं लागतं. न्यू जर्सीचेच सिनेटर बिल ब्रॅडली, जे आधी न्यू यॉर्कच्या संघातून व्यावसायिक बास्केटबॉल खेळायचे, त्यांचा या कायद्यात मोठा वाटा. खेळाडूंना कॉलेजात आणतात, खेळवतात, आणि ते पदवी घेतात का हे कुणी बघत नाही, ही त्यांची तक्रार. कायदा झाला १९९० साली. पण हिशेब करताना चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला दीडपट मुदत देतात. सहा वर्षांत पदवी मिळाली तरी तो "उत्तीर्ण" रकान्यात. हे वाचून माझ्या मनात पहिल्यांदा अमेरिकेबद्दल खरीखुरी आपुलकी दाटून आली. आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचमधले एटीकेटीवाले, ज्यांनी आठ सेमिस्टरांचा संसार अकरा सेमिस्टरांत केला, ते सगळे इथं वेळेत पास झाल्यात जमा आहेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मी हे टाकलं. एकानं लिहिलं, "हे आमच्या बापाला तेव्हा का नाही सांगितलंस?" हा गृहस्थ आता एका मोठ्या कंपनीचा उपाध्यक्ष आहे.

ऑगस्टमध्ये लेकीला पोचवायला गेलो, त्या दिवसाकडं आता येतो, कारण या सगळ्या कागदांतला जो कागद मला खरा लागला तो तिथला. गाडीत चार खोकी, एक गादीचा टॉपर, आणि बायकोनं इंडियन स्टोअरमधून पंधरा डॉलरला घेतलेली एक लहानशी कढई, काळ्या प्लॅस्टिकच्या दांड्याची. शिवाय आईनं सांगलीहून कुणाबरोबर तरी पाठवलेलं पितळेचं निरांजन, फुलवातींची पुडी आणि उदबत्त्या. दारातच एका स्वयंसेवक मुलानं यादी हातात दिली. काय चालणार नाही ते त्यात छापलेलं. हॉस्टेलांना आगीबद्दलचे नियम दर वर्षी जाहीर करावे लागतात, २००८ च्या कायद्यानं: विजेची हलवता येण्याजोगी उपकरणं, धूम्रपान आणि उघडी ज्योत. माझ्या आईचं निरांजन आयुष्यात प्रथमच सिगारेटच्या रांगेत उभं राहिलं. राइस कुकर परत गाडीत गेला. उदबत्त्या गेल्या. निरांजन लेकीनं हळूच ठेवून घेतलं, वातीशिवाय. त्यात ती आता कानातलं ठेवते. बॅटरीवर चालणारा दिवा मी एका डॉलरला आणून दिला. आईला सांगितलं, पोरगी रोज दिवा लावते. खोटं नाही ते. बटण आहे खाली.

कढईवर बंदी नव्हती. मजल्यावर सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर होतं, तिथं चालणार होती.

खोलीचं दार आपोआप बंद होऊन कुलूप लागणारं होतं. बायकोला ते पटेना. किल्ली आत राहिली की पोर बाहेर, असं तिचं म्हणणं. "दाराला काही तरी लावून ठेवत जा," ती लेकीला म्हणाली. तो स्वयंसेवक मुलगा, जो इतका वेळ हसत होता, तो एकदम हसायचा थांबला. "नो, मॅम. प्लीज. दार कधीच अडवून ठेवायचं नाही."

त्याचं कारण मी घरी आल्यावर वाचलं. ५ एप्रिल १९८६. पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठाचं हॉस्टेल, आमच्या घरापासून गाडीनं तासाभराच्या वाटेवर. जीन क्लेरी नावाची एकोणीस वर्षांची पहिल्या वर्षाची मुलगी आपल्या खोलीत झोपली होती. तिची हत्या करणारा त्याच विद्यापीठाचा विद्यार्थी होता. आपोआप बंद होणारी तीन दारं कुणी तरी येण्याजाण्याच्या सोयीसाठी अडवून उघडी ठेवली होती, त्यांतून तो आत आला. तिथं आधीही गुन्हे घडत होते, हे आईवडिलांना नंतर कळलं. कॉनी आणि हॉवर्ड क्लेरी यांनी मग आयुष्य एकाच मागणीला वाहिलं: कॉलेजच्या आवारात काय घडतं ते कॉलेजनं सांगितलंच पाहिजे. १९८८ ला राज्याचा कायदा झाला, १९९० ला देशाचा, आणि पुढं १९९८ साली त्या कायद्याला त्यांच्या मुलीचं नाव मिळालं. दर वर्षी १ ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक कॉलेजनं मागच्या तीन वर्षांचे गुन्ह्यांचे आकडे छापायचे. आकडे लपवले तर दंड. २०२४ च्या मार्चमध्ये व्हर्जिनियातल्या एका विद्यापीठाला १ कोटी ४० लाख डॉलरचा झाला. त्याच वर्षी डिसेंबरात या कायद्यात रॅगिंगची भर पडली. ते रकानेही आता भरावे लागतात. आपल्याकडं महाराष्ट्रानं रॅगिंगविरुद्ध कायदा १९९९ सालीच केला होता, पण कुठल्या कॉलेजात किती प्रकार झाले याचं छापील पुस्तक घेऊन प्रवेशाच्या रांगेत उभा राहिलेला बाप मी पाहिलेला नाही. बायको त्या रात्री म्हणाली, "मी दाराचं बोलायला नको होतं." दुसऱ्या दिवशी तिनं लेकीला किल्ली गळ्यात अडकवायची एक दोरी पाठवली.

तेव्हापासून मी तो अहवाल वाचतो. लोक झोपण्यापूर्वी हरिपाठ वाचतात, मी मुलीच्या कॉलेजचा सुरक्षा अहवाल वाचतो. सत्तरऐंशी पानं असतात. कुठलीही भीती पुरेशी बारीक रकान्यांत घातली की ती जरा माणसाळते. शिवाय त्यात गमतीही सापडतात. वाहनचोरीची व्याख्याच घ्या. सरकारी पुस्तिकेत वाहन कशाला म्हणायचं त्याची यादी होती: मोटार, ट्रक, मोपेड, बर्फावरून पळणारी स्कूटर, आणि गोल्फ कार्ट. म्हणजे कॉलेजच्या माळ्याची ती खेळण्यासारखी गाडी चार मुलांनी रात्री पळवून तळ्याकाठी सोडली, तर तिचा आकडा खऱ्या मोटारचोरीच्याच रकान्यात जायचा. कुठल्या कॉलेजात मोटारी फार चोरीला जातात असं वाचून घाबरणाऱ्या पालकांनी आधी तिथं गोल्फचं मैदान आहे का ते विचारावं.

या माझ्या व्यासंगाची बातमी कोल्हापूरपर्यंत गेली. मावसभावाचा मुलगा टेक्सासमध्ये एम.एस. करतो. एक दिवस भावाचा फोन. "दादा, पोरगं धड बोलत न्हाई. मार्कांचं इचारलं की नेट गेलं म्हणतंय. तू तिथंच हाईस न्हवं? जरा कॉलेजात जाऊन बघून ये की." मी त्याला सांगितलं की टेक्सास माझ्या घरापासून अडीच हजार किलोमीटरच्या आसपास आहे आणि माझ्या स्वतःच्या मुलीचं कॉलेज मला उभं करत नाही. परदेशी विद्यार्थ्याला सरकारी मदत मिळत नाही, फाफसा त्याच्या वाटेला येत नाही. पण फर्पा मात्र त्यालाही तितकाच लागू. भाऊ ऐकत राहिला. "म्हंजे फी आमची," तो शेवटी म्हणाला, "आन् प्रायव्हसी त्याची?" पन्नास वर्षं जुन्या कायद्याचा इतका नेमका सारांश मी कुठल्याही वकिलाच्या तोंडून ऐकलेला नाही. मग मी त्याला पोराच्या कॉलेजचा सुरक्षा अहवाल पाठवून दिला. तो कुणालाही वाचता येतो, संमती लागत नाही. दोन दिवसांनी त्याचा संदेश आला: "घरफोड्या लई हायत. पोराला कुलूप घ्यायला सांगितलंय." मार्कांचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

आईला मात्र मी अजून उत्तर दिलेलं नाही. ती विचारते, मी म्हणतो, "इथं सांगत नाहीत." तिला वाटतं मी लपवतोय. परवा लेकीनंच आजीशी व्हिडिओवर बोलताना काही तरी पुटपुटलं आणि आई खूश झाली. मी दोघींना विचारलं, काय सांगितलं? दोघी हसल्या. आई म्हणाली, "तुला कशाला? तिनं मला सांगितलंय." फर्पा आमच्या आईपर्यंत पोचला तो असा.

आता शेवटचं. पहिल्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत लेक घरी आली, तेव्हा धुवायच्या कपड्यांच्या पिशवीत ती कढई होती. तळ कोळशासारखा, आणि प्लॅस्टिकचा दांडा मेणबत्तीसारखा ओघळून वाकलेला. बायकोनं विचारलं, "हे काय गं?" लेक म्हणाली, "डिशवॉशरमध्ये झालं." आम्हाला डिशवॉशरबद्दल नवीन माहिती मिळाली असं समजून आम्ही गप्प बसलो.

यंदा १ ऑक्टोबरला नवा अहवाल आला. नेहमीप्रमाणं मी झोपण्यापूर्वी उघडला. मागच्या बाजूला आगीचे तक्ते असतात, एकेका इमारतीचे. लेकीच्या हॉस्टेलचं नाव सापडलं. वर्ष २०२४. आगी: एक. कारण: अनवधानानं, स्वयंपाक करताना. जखमी: शून्य. मृत्यू: शून्य. मालमत्तेचं नुकसान: ० ते ९९ डॉलर.

कढई पंधरा डॉलरची होती.